रोज बंद करूनही रॅम भरलेलीच: अँटीव्हायरस आणि ‘शट डाऊन’चा घोळ

तक्रार बहुतेक अशीच येते. सोमवारी कॉम्प्युटर बरा असतो, बुधवारपासून जड व्हायला लागतो आणि शनिवारी टॅलीत एक व्हाउचर उघडायचं तर माणूस चहा पिऊन येतो. टास्क मॅनेजर उघडला की मेमरीच्या रकान्यात सगळ्यात वर अँटीव्हायरस. काहीतरी करून रिस्टार्ट केलं की निवळतं, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

सोलापुरात साखर पेठेतल्या सुताच्या पेढ्या घ्या, अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल कारखान्यांची ऑफिसं घ्या, नाहीतर नवी पेठेतली दुकानं. बहुतेक मशीन एकाच साच्यातली दिसतील: चार किंवा आठ जीबी रॅम, विंडोज १०, टॅली, क्रोममध्ये उघड्या पडलेल्या टॅब, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि वर्षाच्या लायसनचा कुठलातरी अँटीव्हायरस. मालकाचा उपाय ठरलेला असतो: ‘ते अँटीव्हायरसच काढून टाका की ओ, उगं खायलंय.’ काढायचा नाही. पेन ड्राइव्ह दिवसातून दहा हातांतून फिरणाऱ्या ऑफिसात तर अजिबात नाही. आधी तो खरंच रॅम गळवतोय का, म्हणजे घेतलेली मेमरी परत सोडत नाहीये का, आणि गळवत असेल तर कधी गळवतोय, एवढं शोधायचं. ‘कधी’ कळलं की ‘का’ कळायला फार वेळ लागत नाही.

आकडा मोठा म्हणजे गळती नव्हे

अँटीव्हायरस मेमरी घेणारच. ओळखायच्या व्हायरसांच्या खुणांचा साठा त्याला हाताशी ठेवावा लागतो. प्रत्येक फाइल उघडताना तो डिस्कवरून वाचत बसला तर मशीन कायमचं बसेल. त्यामुळे शांत असताना दीडशे-तीनशे एमबी हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, म्हणजे यादीत ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ या नावानं दिसणारा, साधारण याच पट्ट्यात असतो. पूर्ण स्कॅन चालू असताना आकडा वर जातो. या खुणांचं, म्हणजे ‘व्याख्यां’चं, अपडेट येतं तेव्हाही जातो, कारण नवा साठा चढवून होईपर्यंत जुना सोडता येत नाही, थोडा वेळ दोन्ही सांभाळावे लागतात. हे सगळं ठीक. काम संपल्यावर आकडा खाली यायला हवा. तो आला नाही, आणि पुढच्या वेळी तिथूनच वर चढला, तर ती गळती.

आता आकडा कुठला बघायचा? इथे बरेच जण फसतात. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावरचा मेमरीचा रकाना प्रत्यक्ष रॅममध्ये त्या क्षणी किती आहे तेवढंच सांगतो. रॅम कमी पडायला लागली की विंडोज सध्या न वापरलेले मेमरीचे तुकडे डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ढकलतं. मग रकान्यातला आकडा उतरतो आणि वाटतं, सुटलो. गळती मात्र चालूच असते, फक्त डिस्कवर गेलेली असते. म्हणून ‘डिटेल्स’च्या पानावर जा, रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करा, ‘सिलेक्ट कॉलम्स’मधून ‘कमिट साइज’ (रॅम आणि पेज फाइल मिळून त्या प्रोग्रॅमच्या नावावरची मेमरी) जोडा आणि अँटीव्हायरसच्या ओळीसमोरचा हा आकडा धरून चला. एकूण मशीनसाठी ‘परफॉर्मन्स’च्या पानावर मेमरीत ‘कमिटेड’ बघा. तिथे दोन आकडे तिरक्या रेघेनं लिहिलेले असतात. दुसरा म्हणजे रॅम आणि पेज फाइल मिळून असलेली मर्यादा. पहिला दुसऱ्याला टेकायला लागला की प्रोग्रॅम ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत गळपटतात. त्याच पानावरच्या ‘कॅश्ड’ची काळजी करू नका, ती मागितली की सोडली जाते.

जाता जाता: ‘रॅम क्लीनर’, ‘बूस्टर’ वगैरे जे काही फुकट मिळतं ते टाकू नका. ते बहुतेक वेळा हेच करतात, प्रोग्रॅमांना रॅममधून हाकलून पेज फाइलमध्ये पाठवतात. आकडा खाली आलेला दिसतो, कमिट साइज तसूभर हलत नाही, आणि दोन मिनिटांनी सगळं डिस्कवरून परत वाचायचं म्हणून मशीन आणखी रखडतं. पेज फाइल बंद करून ‘स्पीड वाढवून’ देणारेही आहेत. ती पुन्हा चालू करा, विंडोजवर सोडा.

रोज बंद करतो, तरी?

साखर पेठेतल्या एका पेढीवर ऑपरेटर शपथेवर सांगत होता की रोज रात्री मशीन बंद करूनच तो शटर ओढतो. खोटं बोलत नव्हता. तरी सकाळी सातव्या मिनिटाला अँटीव्हायरसच्या सर्व्हिससमोर (पाठीमागे सतत चालणाऱ्या त्याच्या भागासमोर) कमिट साइज दीड जीबीच्या वर. नुकत्याच चालू केलेल्या मशीनवर हे जमायलाच नको. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर क्लिक केलं. खाली ‘अप टाइम’ लिहिलेलं असतं, पहिला आकडा दिवसांचा. तिथे ३१ होता. म्हणजे विंडोजच्या हिशेबानं ते मशीन महिनाभर बंदच झालेलं नव्हतं.

याचं कारण ‘फास्ट स्टार्टअप’. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून ही सोय आली आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. यात तुम्ही ‘शट डाऊन’ केलंत की तुमचे उघडे प्रोग्रॅम बंद होतात, तुमचं लॉगिन सुटतं, पण विंडोजचा गाभा, ड्रायव्हर (गाभ्याला जोडून चालणारे छोटे प्रोग्रॅम) आणि पाठीमागे चालणाऱ्या सर्व्हिस जिथे असतात ते सत्र बंद होत नाही. ते जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलं जातं आणि सकाळी परत उचललं जातं. म्हणून मशीन पटकन चालू होतं. अँटीव्हायरसचं मुख्य काम करणारी सर्व्हिस याच सत्रात राहते, तिचा ड्रायव्हर तर गाभ्यालाच चिकटलेला. काल संध्याकाळपर्यंत गळलेलं सगळं आज सकाळी हजर. ‘रिस्टार्ट’ मात्र खरोखर सगळं पाडून नव्यानं उभं करतं. उलटं वाटतं खरं, पण विंडोजमध्ये ‘शट डाऊन’पेक्षा ‘रिस्टार्ट’नं जास्त साफसफाई होते.

त्या पेढीवर मुनीमजींचा एक सिद्धांत होता: ‘लाईट गेल्ती की दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर पळायलाय बघा.’ बाकीचे हसायचे. पण निरीक्षण बरोबर होतं. लाईट गेली, यूपीएसची बॅटरी उतरली आणि मशीन धाडकन बंद पडलं, तर डिस्कवर उतरवून ठेवायला विंडोजला वेळच मिळत नाही. पुढची सुरुवात कोरी होते, गळती शून्यावर येते. तुमच्याकडेही कुणी असं काही म्हणत असेल तर हसू नका, ते फास्ट स्टार्टअपचं लक्षण आहे. अर्थात तेवढ्यासाठी कुणी मुद्दाम प्लग ओढू नये. टॅलीचा डेटा बिघडला तर रॅमची गोष्ट विसरून जाल.

फास्ट स्टार्टअप बंद करायला कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, त्यात डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. आधी वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करावं लागतं, नाहीतर खालची खूण राखाडीच राहते. मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा आणि सेव्ह करा. सेटिंग बदलायचं नसेल तर ‘शट डाऊन’वर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरलं की त्या एका वेळेपुरतं मशीन पूर्ण बंद होतं. जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर सोय काढल्यावर सकाळी चालू व्हायला जरा जास्त वेळ लागेल, एसएसडी असेल तर फरक जाणवणारही नाही. माझं मत विचाराल तर दुकानातल्या मशीनवर ही सोय नकोच.

यानं गळती बरी होत नाही, हेही सांगून ठेवतो. रोज सकाळी हिशेब शून्यापासून सुरू होतो, इतकंच. कित्येकांना एवढं पुरतं. पण दुपारपर्यंतच मशीन गुदमरत असेल तर पुढे जावं लागेल.

चढण कशी आहे ते बघा

कागद घ्या आणि तासातासाला कमिट साइज लिहा. खरंच कागदावर. ज्याला हौस आहे त्यानं परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डेटा कलेक्टर सेट लावावा, ‘प्रोसेस’मधून अँटीव्हायरसची सर्व्हिस निवडून ‘प्रायव्हेट बाइट्स’ हा काउंटर घ्यावा आणि नोंद पाच मिनिटांनी करायला सांगावी. पण ऑपरेटरनं चुकारपणा न करता लिहिलेला कागद तितकाच बोलका असतो, वर शेजारी ‘पार्टीचे फोटो कॉपी केले’, ‘बॅकअप चालू’ अशा टिपाही मिळतात, ज्या कुठलाही मॉनिटर देत नाही.

आकडे पायऱ्यांसारखे चढत असतील, म्हणजे दोन तास स्थिर, मग एकदम शंभर-दीडशे एमबीची उडी, परत स्थिर, तर अँटीव्हायरसचा अपडेट इतिहास उघडून वेळा ताडून बघा. उडी आणि अपडेट एकाच वेळी असतील तर नवा साठा चढतोय आणि जुना सुटत नाहीये. हा सरळसरळ प्रोग्रॅममधला दोष. तुमच्या हातून झालेलं काही नाही आणि सेटिंग फिरवून जाणारंही नाही. त्याला प्रोग्रॅमची नवी आवृत्तीच हवी.

आकडा दिवसभर हळूहळू चढतो आणि जेवणाच्या सुट्टीत थांबतो, असं असेल तर गळती फाइल तपासण्याच्या कामात आहे. मग कुठल्या फाइली सतत उघडझाप करतात ते शोधायचं. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत यात दोघे संशयित ठरलेले. एक, डिझाइनचं फोल्डर: जेकार्डच्या डिझाइनच्या शेकडो बीएमपी फाइली, त्यांच्या प्रती, प्रतींच्या प्रती, आणि नेटवर्कवरून तीन मशीनला शेअर. दोन, बॅकअपचा प्रोग्रॅम, जो दर तासाला अख्खा डेटा झिप करतो. झिप तपासायची तर अँटीव्हायरसला ती मेमरीत उलगडावी लागते, आतल्या झिपही उलगडाव्या लागतात. साखर पेठेतल्या त्या पेढीवर चढ नेमका घड्याळाच्या ठोक्याला होता, आणि बॅकअप कुणीतरी ‘सुरक्षित राहील’ म्हणून तासातासावर लावून ठेवलेला. पेढीवर दिवसाला फार तर शे-सव्वाशे व्हाउचर पडतात. दुपारी एक आणि रात्री एक बॅकअप भरपूर झाला.

आणि कुणी हात न लावता आकडा चढत असेल? हे तपासायला मशीन रिकामं चालू राहावं लागतं, आणि ते रोजच्या धबडग्यात जमत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत ऑफिस बंद असतं, सगळे नंदीध्वजांच्या मिरवणुकीला नाहीतर गड्ड्याच्या जत्रेत असतात, पण सर्व्हर चालूच राहतो. असे दिवस या कामाला उत्तम. रिकाम्या मशीनवर चढणारा आकडा बहुधा नेटशी जोडलेला असतो. अँटीव्हायरस कंपनीच्या सर्व्हरशी बोलू पाहतो, मध्ये फायरवॉल किंवा चुकीची प्रॉक्सी (नेटकडे जाणारा मधला सर्व्हर) अडवते, तो पुन्हा प्रयत्न करतो, पाठवायचं साठत जातं. नेट काही वेळ पूर्ण काढून बघा. चढ बदलली, थांबली किंवा वाढली, तर धागा सापडला.

आणखी एक सोपी चाचणी. अँटीव्हायरस म्हणजे एकच प्रोसेस नसते. घड्याळाजवळचं चिन्ह आणि खिडकी दाखवणारी वेगळी, तपासणारी सर्व्हिस वेगळी, अपडेट करणारी वेगळी. लॉग ऑफ करून परत लॉग इन केल्यावर आकडा उतरला तर दोष खिडकीवाल्या प्रोसेसचा आहे, ती तुमच्या लॉगिनबरोबर जन्मते आणि मरते. नाही उतरला तर सर्व्हिसचा.

हिरवी खूण आणि जुना प्रोग्रॅम

‘अपडेट आहे की, हिरवं दिसतंय’ हे उत्तर मी पुरेसं मानत नाही. हिरवी खूण बहुतेक वेळा व्याख्या ताज्या आहेत एवढंच सांगते. व्याख्या दिवसातून अनेकदा येतात, गुपचूप बसतात. प्रोग्रॅमचं स्वतःचं अपडेट, ज्यात गळती बुजवलेली असते, ते क्वचित येतं आणि त्याला बऱ्याचदा रिस्टार्ट लागतो. चालू असलेली फाइल बदलता येत नाही, म्हणून नवी फाइल शेजारी ठेवली जाते आणि पुढच्या खऱ्या सुरुवातीला अदलाबदल होते. रिस्टार्ट मागणारी खिडकी आली की ऑपरेटर ‘रिमाइंड मी लेटर’ दाबतो, समोर गाडीवाला बिल्टीसाठी उभा असतो, त्याचंही चूक नाही. रात्री तो शट डाऊन करतो आणि समजतो झालं. पण फास्ट स्टार्टअपमुळे ती खरी सुरुवात होतच नाही.

म्हणजे गळतीही तीच सोय जपून ठेवते आणि गळतीचं औषधही तीच दाराबाहेर ताटकळत ठेवते. त्या पेढीवर नेमकं हेच झालं होतं. रिस्टार्ट केल्यावर ‘अबाउट’मधला प्रोग्रॅमचा आवृत्ती क्रमांक बदलला, आणि दुसऱ्या दिवशी बॅकअपच्या वेळी चढलेला आकडा उतरायला लागला. तेव्हा काहीही उपटण्याआधी ‘अबाउट’मध्ये जा, आवृत्ती लिहून घ्या, कंपनीच्या साइटवरच्या ताज्या आवृत्तीशी ताडा. लायसनचं नूतनीकरण केलं म्हणजे प्रोग्रॅम नवा झाला असं नाही. नुसती तारीख पुढे गेलेली असू शकते.

विंडोज १० बद्दल एक गोष्ट इथेच. मायक्रोसॉफ्टचा त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीनवर अँटीव्हायरस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. विंडोजमधली भोकं अँटीव्हायरस बुजवत नाही.

एका म्यानात दोन

रॅम आणि वेग दोन्ही एकदम गेले असतील तर दोन अँटीव्हायरस एकावर एक बसलेत का ते बघा. लॅपटॉपबरोबर आलेला चाचणीचा अँटीव्हायरस मुदत संपून पडून असतो, वर दुकानदारानं दुसरा टाकलेला असतो. किंवा जुना अनइन्स्टॉल केलेला असतो पण त्याचा ड्रायव्हर मागे राहिलेला असतो. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नं उघडा आणि एफ, एल, टी, एम, सी ही पाच अक्षरं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. फाइलींच्या वाटेवर बसलेल्या सगळ्या फिल्टर ड्रायव्हरांची यादी येते, प्रत्येकासमोर ‘अल्टिट्यूड’ नावाचा आकडा असतो. अँटीव्हायरसांसाठी मायक्रोसॉफ्टनं ३२०००० पासून ३२९९९८ पर्यंतचा पट्टा राखून ठेवलाय. डिफेंडरचा डब्ल्यूडी-फिल्टर ३२८०१० वर असतो. या पट्ट्यात दोन वेगवेगळ्या कंपन्या दिसल्या तर प्रत्येक फाइल दोनदा तपासली जातेय. जुन्या कंपनीचं स्वतःचं काढून टाकायचं टूल त्यांच्याच साइटवरून घ्या, ते चालवा, रिस्टार्ट करा आणि यादी पुन्हा बघा.

साध्या विंडोजवर दुसरा अँटीव्हायरस नोंदला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. विंडोज सर्व्हरवर तसं होत नाही, तिथे तो हातानं बंद करावा किंवा काढावा लागतो. टॅली सर्व्हरवर ठेवून दहा जणांना रिमोटनं बसवणाऱ्या ऑफिसात हे हमखास राहून गेलेलं असतं.

प्रोसेस लहान, रॅम तरी गायब

कधीकधी यादीतल्या सगळ्या प्रोसेसांची बेरीज केली तरी वापरलेल्या रॅमच्या निम्मीही होत नाही. अँटीव्हायरससमोर सज्जनपणे दोनशे एमबी. अशा वेळी ‘परफॉर्मन्स’मधल्या मेमरीच्या पानावर खाली ‘नॉन-पेज्ड पूल’ बघा. ही ड्रायव्हरांनी घेतलेली, पेज फाइलमध्ये न जाणारी मेमरी. साध्या मशीनवर ती काही शे एमबीत असते. दोन-तीन जीबी दिसली तर कुठलातरी ड्रायव्हर गळतोय, आणि तो अँटीव्हायरसचाच असेल असंही नाही; नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हरही यात निघतात.

यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर किटमध्ये ‘पूलमॉन’ मिळतं. त्यात प्रत्येक ड्रायव्हरनं घेतलेल्या मेमरीवर चार अक्षरांचा टॅग असतो आणि समोर ‘अ‍ॅलॉक्स’, ‘फ्रीज’, ‘डिफ’. व्यापाऱ्याला समजवायला अगदी सोपं: हे त्या ड्रायव्हरचं खातं आहे, नावे, जमा आणि बाकी, आणि ज्याची बाकी रोज वाढतेच आहे तो बुडवणारा. बी दाबलं की बाइटनुसार क्रम लागतो. वरचा टॅग टिपून घ्या आणि विंडोजच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरमधल्या फाइलींत ती चार अक्षरं कुणात सापडतात ते फाइंड-एस-टी-आर कमांडनं शोधा. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीचं नाव असतं. यापुढे भांडायचं ते त्या कंपनीशी.

मशीन आधीच कोसळून गेलं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ लॉग उघडा आणि २००४ क्रमांकाची, ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ची नोंद शोधा. मेमरी संपत आली तेव्हा सगळ्यात जास्त कुणी खाल्ली होती त्यांची नावं विंडोजनं बाइटांसकट लिहून ठेवलेली असतात. त्यात क्रोम पहिला निघाला तर अँटीव्हायरसला शिव्या देणं थांबवा.

सूट द्यायची तर कशाला

तपासणीतून काही फोल्डर वगळता येतात आणि त्यानं भार कमी होतो. पण ही सूट जपून द्यायची. बॅकअपचा प्रोग्रॅम जिथे तात्पुरती झिप बनवतो ते एक फोल्डर, टॅलीचं डेटा फोल्डर, एवढं चालेल, तेही आतला सगळा माल आपल्याच प्रोग्रॅमनं तयार केलेला असेल तर. डाउनलोड्स, डेस्कटॉप, अख्खा सी ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलींचं फोल्डर यांना कधीच नाही. डेटा फोल्डर वगळलं असेल तर आठवड्यातून एकदा त्याचं हातानं स्कॅन करा.

सूट दिलेली यादी उघडली की बऱ्याच ऑफिसांचं बिंग फुटतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत चालावी म्हणून कुणीतरी तिचं फोल्डर वगळून ठेवलेलं असतं. क्रॅकबरोबर काय आलंय हे कुणालाच माहीत नसतं, आणि मग रॅम नक्की कोण खातंय हा प्रश्नच वेगळा होतो. अशी नोंद दिसली तर आधी ती काढा, दुसऱ्या कंपनीच्या स्कॅनरनं पूर्ण तपासणी करा, मगच गळतीच्या मागे लागा.

डिफेंडर वापरत असाल तर पॉवरशेलमध्ये त्याच्यासाठीच्या दोन कमांड आहेत, ‘न्यू-एमपी-परफॉर्मन्स-रेकॉर्डिंग’ आणि ‘गेट-एमपी-परफॉर्मन्स-रिपोर्ट’. थोडा वेळ नोंद करून ठेवली की कुठल्या फाइली आणि कुठले प्रोग्रॅम तपासण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला याची यादी मिळते. सूट अंदाजानं देण्यापेक्षा ही यादी बघून दिलेली बरी.

कंपनीला कळवताना

‘सिस्टिम स्लो आहे’ असं कळवलंत तर उत्तर ठरलेलं: काढून परत टाका, नाहीतर फॉरमॅट मारा. त्याऐवजी प्रोग्रॅमची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, सर्व्हिसच्या प्रोसेसचं नाव, तासागणिक कमिट साइज आणि कशाच्या वेळी चढतो ते एवढं लिहून पाठवा. ते डम्प फाइल मागतील. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसवर राइट क्लिक करून ‘क्रिएट डम्प फाइल’ असतं, पण अँटीव्हायरस स्वतःचं रक्षण करत असल्यामुळे बहुधा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येईल. तो बिघाड नव्हे. डम्प काढायची त्यांची स्वतःची पद्धत असते, ती मागून घ्या. डम्पमध्ये मेमरीतलं सगळं उतरतं, तेव्हा ती फाइल त्यांच्या अधिकृत पत्त्याशिवाय कुठे देऊ नका.

उत्तर येईपर्यंत सर्व्हरला रात्रीचा ठरावीक रिस्टार्ट लावून ठेवा. टास्क शेड्युलरमधून लावता येतो, फक्त बॅकअप संपल्यानंतरची वेळ द्या. पूर्ण स्कॅन जेवणाच्या सुट्टीत ठेवा. आणि चार जीबीच्या मशीनवर गळती नसतानाही ओढाताण होणारच आहे, तिथे आणखी चार जीबीची पट्टी टाकणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. उघडायच्या आधी स्लॉट रिकामा आहे का आणि रॅम डीडीआर ३ आहे की ४ ते बघून घ्या, नाहीतर दुकानात दोन खेपा होतात.

नवी आवृत्ती टाकली, जुना ड्रायव्हर काढला, बॅकअपची वेळ बदलली, रोज खरा रिस्टार्ट होतोय, आणि तरी कागदावरचा आकडा संध्याकाळपर्यंत तिप्पट होतोय, तर त्या मशीनवर त्या अँटीव्हायरसला धरून बसू नका. लायसनचे उरलेले महिने वाया जातील म्हणून मालक कुरकुरेल. तो काढा, कंपनीच्या टूलनं अवशेषही काढा, रिस्टार्ट करा. डिफेंडर आपोआप चालू होईल. पुढचा आठवडाभर तोच कागद, तोच रकाना, प्रोसेसचं नाव फक्त बदललेलं. आकडा आता स्थिर राहिला तर दोष कुणाचा ते ठरलं. नाही राहिला, तर नॉन-पेज्ड पूलकडे परत जा.